शेवटच्या कडव्यातलं नाव

१२ फेब्रुवारी १९८४, पुणे. भावाने रामटेकहून पाठवलेले तांदूळ निवडायला घेतले होते. अर्धे झाले. उरलेले राहू देत, आधी हे लिहिते.

लग्न होऊन नागपूर सोडलं तेव्हा आई स्टेशनवर डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होती आणि मैत्रीण विमल खिडकीचे गज धरून उभी होती. आम्ही दोघी वस्तीतल्या गायन पार्टीसाठी भीमजयंतीची गाणी लिहायचो. आमच्याकडे शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. आमच्या गाण्यांत दोन यायची. आई म्हणायची, "नावानं चूल पेटते काय वं?" गाडी हलली तशी विमल ओरडली, "तू गेली तरी कडव्यातून नाही उतरवत मी तुले!"

पुण्यात नोकरी, मुलं, रेशनची रांग. एकही ओळ लिहिली नाही. धम्मचक्र दिनाला नागपूरला जावं, तर नव्या गाण्याच्या शेवटी विमलच्या शेजारी मी असायचीच.

"माह्यं नाव काहून टाकतेस वं? मी कुठं काय लिहिलं?"

"मंग मले एकटं वाटते न. अन् तुह्यं नाव यमकात बसते. उगाच फुगू नको."

गेल्या महिन्यात विमल काविळीने गेली. मला कळलं तेव्हा मरणानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधीही होऊन गेला होता.

मागच्या रविवारी फिल्म सोसायटीत एक फ्रेंच सिनेमा पाहिला. खाणकामगारांच्या गावातल्या दोन मैत्रिणी मिळून गोष्टी लिहितात. एक शहरात जाते, तिचं पुस्तक निघतं. दुसरी गावातच लोकांचे कपडे धुते. पुस्तक हातात येतं तेव्हा ती ओले हात पुसते आणि पानापानांत आपलं नाव शोधते. ते नसतं. ती पुस्तक मिटून कामाला लागते. भाषेची भीती बाळगू नका, त्या प्रसंगात कोणी बोलतच नाही. तुमच्या गावी आला तर बघा. वस्ती सोडून गेलेल्यांनी तर बघाच. मैत्रीण असेल तर तिला घेऊन जा. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली होती.

विमलची मुलगी इथे नर्सिंग शिकते. ती काल आली होती. "मावशी, आईचं गाणं शेवटच्या कडव्यावर अटकून राहिलं. पार्टीवाले थांबून राहिले. तुम्ही लिहून द्या न." तिने चाल म्हणून दाखवली. मी हो म्हटलं.

आई गेली, घर विकलं, तरी नागपूर सुटलं असं मला कधी वाटलं नाही. त्या ओळीत नाव होतं तोवर मी तिथेच राहत होते.

१३ फेब्रुवारी. सकाळी कुकर लावला आणि ओट्यावरच कडवं लिहिलं. जागा दोन नावांची होती. एकच घातलं, विमलचं. यमक जुळायला वेळ लागला. ऑफिसला जाताना हॉस्टेलवर उतरून मुलीच्या हातात कागद दिला.