पिल्लाची घाण कोणी काढायची

मुलीनं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठलो आणि हॉलच्या अंधारात माझा उजवा पाय कशात तरी रुतला. कोमट, मऊ. दिवा लावायच्या आधीच मला कळलं होतं. तरी लावला. पायाच्या बोटांमधून वर आलेलं, आंबलेल्या दुधाच्या वासाचं ते पिवळं लिबलिबीत पाहिलं आणि मी एका पायावर उड्या मारत बाथरूमकडे निघालो. अर्ध्या वाटेत दुसरा पाय मुताच्या थारोळ्यात पडला. बाथरूममध्ये मी पाय धुतले, साबण लावला, पुन्हा धुतले, आणि शेवटी बेसिनला धरून ओकलो.

बाहेर आलो तर पिल्लू दारातच बसलेलं. शेपटी हलवत ते माझा ओला पाय चाटायला लागलं. त्याच्या तोंडाला तोच वास येत होता. ते कशामुळे, हे मी इथं लिहीत नाही. ज्यांनी पिल्लं पाळली आहेत त्यांना ते ठाऊक असेल.

आम्ही घरात चौघं होतो. मी सरकारी नोकरीत, बायको शाळेत शिक्षिका, माझी म्हातारी आई, आणि आमची एकुलती एक मुलगी. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. मुलीला नुकतीच हिंजवडीला नोकरी लागली होती. तेव्हा पुण्यात ज्याच्या त्याच्या घरातलं कोणी ना कोणी हिंजवडीला जायला लागलं होतं. तिचं काम अमेरिकेच्या घड्याळावर चालायचं. दुपारी कंपनीच्या बसनं जायची, रात्री उशिरा गाडी सोडायला यायची, आणि मग ती दार लावून अशी झोपायची की शेजारी फटाके फोडले तरी हलणार नाही. एका रविवारी मैत्रिणीच्या ओळखीनं ती हे लॅब्रेडॉरचं पिल्लू बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आली. कोणाला विचारलं नव्हतं. दारातच ओरडली, "सरप्राइज!"

बायकोला पिल्लू आवडलं. आई आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी म्हटलं, "याचं सगळं कोण करणार?"

"मीच करणार ना, बाबा," मुलगी म्हणाली.

पुढचे काही आठवडे आमच्या घराला जो वास होता तो मी अजून विसरलेलो नाही. हॉलभर जुने पेपर पसरलेले. पिल्लू पेपर सोडून बरोबर दोन पेपरांच्या मधल्या फटीत करायचं. पायपुसण्यावर, आईच्या चपलेत, एकदा बायकोनं तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर. दिवसा कोणीतरी बघायचं, चटकन पुसायचं. रात्रीचं मात्र सगळं सकाळपर्यंत साचायचं, आणि पिल्लू त्यातून रात्रभर फेऱ्या मारायचं. सकाळी फरशीवर त्याच्या पंजांचे ठसे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलेले असायचे. घरात सगळ्यात आधी उठायची सवय मला. त्यामुळे ते माझ्या वाट्याला. नाकाला रुमाल बांधून मी पेपरांचे ओले गोळे उचलायचो, आणि ऑफिसात डबा उघडला की पोळीला तोच वास येतोय असं वाटून डबा बंद करायचो. माझं वजन उतरायला लागलं.

मी फिनेल ओतून ओतून फरशी धुवायचो. फिनेल आणि मूत मिळून जो तिसरा वास तयार होतो, तो दोघांपेक्षा वाईट.

मग बायकोनं सुचवलं, रात्री त्याला बाल्कनीत ठेवू. दोन रात्री ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. निवृत्त, काटकुळे, इस्त्रीचा सदरा. दारात उभे राहून म्हणाले, "आपल्या बाल्कनीतून तीर्थ येतंय. आमच्या वाळत घातलेल्या पंच्यावर. आपली काही पूजा वगैरे चालू असेल तर आधी सांगत जा, आम्ही तांब्या घेऊन उभे राहू."

मी माफी मागितली. ते जिना उतरता उतरता थांबले. "आणि ते रात्री रडतं. म्हणजे आमची काही तक्रार नाही. आम्हाला तशीही झोप येत नाही."

इतर कोणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. मला ते फार लागलं. आम्ही बौद्ध. या पेठेत घर घेतलं तेव्हापासून मला कायम वाटत आलंय की आमच्या घराच्या स्वच्छतेकडे लोक जरा जास्त बारकाईनं बघतात. कदाचित तसं नसेलही. पण आमचा जिना मी स्वतः झाडायचो, दाराला डाग पडू द्यायचो नाही. आणि आता त्याच दारातून बाहेर काय वास जात होता!

पिल्लाला जंतही होते. एका संध्याकाळी ते हॉलच्या मधोमध ओकलं आणि त्या ओकारीत पांढऱ्या शेवया वळवळत होत्या. बायको किंचाळली. मी पिल्लाला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्याच पिल्लांना असतात." त्यांनी औषध दिलं, दूध बंद करायला सांगितलं आणि मग विचारलं, "रात्री कुठं झोपतं?"

"हॉलमध्ये. एकटं."

"मग कसं शिकेल? त्याला माणसाजवळ झोपवा, एका लहान खोक्यात. वळण्यापुरती जागा हवी, जास्त नाही. झोपतं तिथं सहसा ते घाण करत नाही. संध्याकाळनंतर पाणी कमी करा. रात्री कुरकुरलं की उचलून थेट खाली न्या, रोज एकाच जागी. तिथं केलं की लगेच कौतुक करा. घरात केलं तर मारू नका, नाक घासू नका. आणि फिनेलनं वास जात नाही, त्याला तो येतोच. व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा."

मी ते सगळं मुलीला सांगितलं. तिनं खोकं आपल्या पलंगाशेजारी ठेवलं. पहिल्या रात्री पिल्लू कुरकुरलं, रडलं, भुंकलं. आईची झोप गेली, माझी गेली, खालच्यांची गेलीच असणार. मुलगी उठली नाही. सकाळी पिल्लू त्या खोक्यात आपल्याच घाणीत थरथरत उभं होतं, पोटापर्यंत माखलेलं. मी त्याला मानेला धरून बादलीत घातलं. त्याला धुताना माझ्या नखांत घाण गेली. मला त्या क्षणी ते पिल्लू, ती नोकरी, ते अमेरिकेचं घड्याळ, सगळ्याचीच शिसारी आली.

मुलगी उठली तेव्हा मी तिला म्हटलं, "हे असं चालणार नाही."

ती डोळे चोळत म्हणाली, "बाबा, मी रात्री किती दमून येते. मला खरंच जाग येत नाही. एक करू या का? भांडी घासायला मावशी येतात ना, त्यांना सांगू सकाळी थोडं लवकर यायला. त्या उचलतील, पुसतील. आपण त्यांना वेगळे देऊ. माझ्या टीममध्ये सगळे असंच करतात."

हे बोलणं स्वयंपाकघरात चाललं होतं. आई तिथंच खाली बसून लसूण सोलत होती. तिनं सुरी ताटलीत ठेवली.

"काय म्हणाली तू?"

"काही नाही आजी, मावशींना—"

"ऐकलं मी. काहून? तुह्या कुत्र्याचा गू दुसऱ्या बाईनं काहून काढावा?"

आई पुण्यात येऊन उभा जन्म झाला होता, पण रागावली की तिची नागपूरकडची बोली वर यायची.

"अगं आजी, फुकट नाही. पैसे देऊ ना."

"तुह्या पणजोबालेही देत होते. धान्य देत होते." आईचा आवाज चढला नाही. "गावात कोणाचंही ढोर मेलं का त्याले बोलवत. दोन दोन दिवस फुगलेलं ढोर. तो आणि तुहा आजोबा, लहान होता तवा, दोघं ओढत नेत गावाबाहेर. मी लग्न होऊन आली तवा ते बंद झालं होतं. दीक्षा घेतली आणि साऱ्या वस्तीनं सांगून टाकलं, आता आम्ही नाही ओढत. गावानं काम बंद केलं, पाणी बंद केलं. तरी नाही म्हणाले. मग सोडलं गाव. तुहा आजोबा मरेपर्यंत हात कसा धुवायचा, पाहिलं नाहीस तू. याले विचार."

मी पाहिलं होतं. कारखान्यातून आल्यावर, जेवायच्या आधी, जेवणानंतर, वडील कोपरापर्यंत हात धुवायचे. लाल साबणानं, एकदा, दोनदा, मग हुंगून पुन्हा. लहानपणी मला वाटायचं, कारखान्यात तेलाचं काम असेल. मी मॅट्रिकला असताना त्यांनी एकदाच सांगितलं, की तेलाचा वास जातो रे, तो एक वास जात नाही. मला घाणीची जी किळस आहे ती त्यांच्याकडूनच आलेली आहे.

मुलीला दीक्षेचं ठाऊक होतं, दरवर्षी ऐकलेलं होतं. फुगलेल्या ढोराचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"या घरात कोणाले पैसे देऊन घाण उचलायले लावायचं नाही," आई म्हणाली. "तुले कुत्रा पाहिजे, तू उचल. नाही जमत, तर देऊन टाक त्याले." आणि तिनं पुन्हा लसूण सोलायला घेतला.

मीही सांगितलं, "उद्यापासून मी हात लावणार नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली. मला वाटलं, आता पिल्लू परत जाईल, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पण तिनं ऑफिसात फोन करून काही दिवसांची रजा घेतली. पलंग सोडून खाली जमिनीवर गादी घातली आणि पिल्लाच्या खोक्यात हात घालून झोपली.

पहिल्या रात्री पिल्लू कुरकुरल्याचा आवाज आला, मग तिच्या चपलांचा, मग जिन्याचा. खाली तिला एकटीला सोडणं बरं नव्हतं, म्हणून बॅटरी घेऊन मी मागून गेलो. बिल्डिंगच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ मातीचा पट्टा होता. पिल्लू तिथं उगीचच हुंगत राहिलं, माझ्या चपलेची पट्टी चावत राहिलं. केलं काहीच नाही. आम्ही वर आलो, आणि दारात शिरताच त्यानं पायपुसण्यावर केलं.

मुलगी खाली बसली. पेपरनं उचलायला गेली आणि तिला उमासा आला. तोंडावर हात धरायचा तर हात तसले. ती रडत रडत हसायला लागली. "बाबा, किती घाण आहे हे!"

"हो," मी म्हटलं. "रोज असंच असतं."

"तुम्ही इतके दिवस कसं केलंत?"

"ओकत ओकत."

मी व्हिनेगरचं पाणी आणून दिलं. पुसलं तिनंच.

पुढच्या काही रात्री अशाच गेल्या. कधी जिन्यातच व्हायचं, मग ती बादली घेऊन पायऱ्या धुवायची. एकदा खालचे गृहस्थ दार किलकिलं करून म्हणाले, "चालू द्या. जिना इतका स्वच्छ आम्ही कधी पाहिला नव्हता." तिनं "सॉरी काका" म्हटलं आणि धुणं चालू ठेवलं. त्यांनी आतून एक जुना खराटा आणून दिला आणि दार लावून घेतलं.

मग एका रात्री पिल्लानं टाकीजवळ केलं. तिनं त्याला उचलून इतक्या मोठ्यानं त्याचं कौतुक केलं की दोन खिडक्यांत दिवे लागले. त्यानंतर ते हळूहळू शिकलं. मध्ये चुकलं, दोनदा गादीवर केलं, गादी टाकून द्यावी लागली. पण रजा संपेपर्यंत रात्री ते खोक्यात राहायला लागलं, आणि गरज लागली की तिच्या हाताला नाक लावून उठवायला लागलं. फटाक्यांनी न उठणारी आमची मुलगी त्या नाकानं उठायची.

एका सकाळी मी बाहेर आलो तर हॉलची फरशी कोरडी होती. पेपर जसेच्या तसे पडले होते, आदल्या दिवशीची बातमी वाचता येत होती. मी चहा केला आणि कितीतरी दिवसांनी नाकानं पूर्ण श्वास घेतला. वास अजून थोडा होताच. आई आली, चहा घेतला, फरशीकडे पाहिलं. "केलं पोरीनं," एवढंच म्हणाली.

पुढं मुलीचं लग्न झालं आणि ती वाकडला राहायला गेली. कुत्रा बरोबर नेला. आता तो चांगला धिप्पाड आहे. तिच्या सोसायटीत बहुतेकांनी कुत्रे फिरवायला माणसं ठेवलेली आहेत. ती मात्र स्वतः पिशवी घेऊन खाली जाते. शेजारच्या बाईनं एकदा माझ्यासमोरच तिला विचारलं, "अगं, तू स्वतः उचलतेस? शी!" मुलगी म्हणाली, "माझाच कुत्रा आहे ना." एवढं बोलून ती लिफ्टकडे वळली.

मला कुत्रा आवडायला लागला का, असं लोक विचारतात. नाही लागला. तो आला की मी पाय वर घेतो. त्यानं हात चाटला की उठून साबणानं धुतो, कोपरापर्यंत. मुलगी ते बघते, हसत नाही, आणि नळ जरा जास्त सोडून देते.