पैसे नको, शेअर करा

दाभेकरकाका चहाला बोलवायचे आणि कप हातात देण्याआधी विचारायचे, "शेअर केलं का?" नुसती मान हलवून चालत नसे. फोन दाखवावा लागे.

फॅक्टरीच्या ड्रॉइंग सेक्शनमधून निवृत्त झाल्यावर ते कॉम्प्युटर शिकले आणि लग्नाचा बायोडेटा बनवणारं सॉफ्टवेअर त्यांनी तयार केलं. जबलपुरातली मराठी घरं स्थळं बघतात नागपूर-रायपूरकडे, आणि इथल्या टायपिंगच्या दुकानांत धड मराठी मिळत नाही. काकांच्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मवेळ टाकली की कुंडलीसुद्धा मांडून यायची. सगळं फुकट. फक्त फाइल उतरवण्याआधी सोशल मीडियावर पोस्ट जायला हवी: 'मी बायोडेटा इथे बनवला, तुम्हीही बनवा.' त्याशिवाय कुलूप उघडत नसे.

"त्यापेक्षा पन्नास रुपये घ्या," मी एकदा म्हणाले.

"पैसे देऊन माणूस चूप बसते, बाई. मले चूप बसणारे नाही पायजेत."

मुलांच्या आया आनंदाने शेअर करायच्या. मुलींचे बाप शेअर करून फाइल घ्यायचे आणि लगेच पोस्ट पुसून टाकायचे. काकांना ते ठाऊक होतं. "दोन मिनिटं तर राहिली ना? चलो, बहुत है."

माझी धाकटी बहीण वंदना विधवा, छिंदवाड्याला सासरी राहायची. दुसरं लग्न करायचं आहे हे तिने फक्त मला सांगितलं होतं. सासूला कुणकुण लागली असती तर तिने नातीला ठेवून घेऊन सुनेला बाहेर काढलं असतं. तसं ती बोलूनही दाखवायची. अशात इटारसीचं एक चांगलं स्थळ आलं. त्यांना बायोडेटा आणि कुंडली संध्याकाळपर्यंत हवी होती. मी सगळं भरलं आणि कुलुपाशी अडकले. वंदनाची नणंद माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये, आणि माझ्या घरी लग्नाचं कोणी नाही, मुलगा सातवीत. बायोडेटा कोणाचा, हे तिने तेव्हाच ओळखलं असतं.

मी काकांच्या घरी गेले. "आतून उघडून द्या."

"काहून? नियम सगळ्यांले सारखा."

मी कारण सांगितलं. ते चष्मा पुसत बसले.

"उघडता येते मले. पण मग मीच चोर झालो ना." चष्मा चढवून त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. "पोस्ट गेली पायजे. कोणाच्या नावानं, ते मी कुठं लिहून ठेवलं?"

त्यांनी ती स्वतःच्या नावाने पाठवली. सत्तरीला टेकलेला विधुर, आणि 'मी बायोडेटा इथे बनवला.' माझी फाइल उतरली.

गणपतीत मंडळातल्या पोरांना चघळायला विषय मिळाला. "काकाजी, मुलगी कशी पाहिजे?"

"पाच फूट चार इंच. तुझ्या सासूची किती आहे?"

बंगळुरूच्या त्यांच्या मुलाला, श्रीकांतला, मात्र हसू आलं नाही. आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्याने फोन करणं बंद केलं आणि दिवाळीला तो आला नाही.

"त्याला तरी खरं सांगा," मी म्हटलं.

"त्याले सांगतलं की सूनबाईले कळते, तिले कळलं की तिच्या मम्मीले. छिंदवाड्याचीच आहे ते. वंदनाचं होऊन जाऊ दे, मग बोलतो मी."

वंदनाचं लग्न फाल्गुनात ठरलं. काका माघात गेले, दुपारी खुर्चीतच. तेराव्याला श्रीकांतने मला विचारलं, "दीदी, बाबांचं लग्नाचं चाललं होतं, तुम्हाला माहीत होतं?" लग्न अजून व्हायचं होतं. मी त्याला जेवून घ्यायला सांगितलं.

वंदना मुलीला घेऊन इटारसीला गेली, त्यानंतर मी श्रीकांतला फोन केला आणि सगळं सांगितलं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "मुलगी तिच्याजवळच आहे ना?"

"आहे."

"अच्छा," तो म्हणाला. फोन मात्र त्याने ठेवला नाही.