हुकूमशहाचा रेफरन्स

क्लायंट मॅडमनी सीन तिसऱ्यांदा थांबवला. "बाकी सब अच्छा है. पर ये तानाशाह बिलीव्हेबल नहीं लगता. ऐसा कोई होता नहीं है यार."

नोएडातल्या आमच्या स्टुडिओत मी डायरेक्टर. फिल्म सायन्स फिक्शन अ‍ॅनिमेशनची. वरवर मुलांसाठी, आतून राजकीय रूपक. एका ग्रहावर यंत्रमानव राबतात आणि हुकूमशहा त्यांना चार्जिंगपुरतीही सुटी देत नाही. लिहिताना मी स्वतःला इतका धाडसी समजत होतो की बायकोला म्हणालो, एखादा वकील बघून ठेव. ती म्हणाली, आधी गिझरवाल्याला फोन करा.

सीन नापास झाला तर तो पल्लवीला पुन्हा करावा लागणार होता. पल्लवी आमची सीनियर अ‍ॅनिमेटर, अमरावतीची. तिच्या बहिणीचं लग्न परवावर आलं होतं आणि आज दुपारची गाडी. पण सीन पास झाल्याशिवाय सुटी नाही, असं मीच बजावलं होतं.

मी रुबाबात मॅडमना सांगितलं की, आमच्याकडे रेफरन्सशिवाय काही होत नाही. रेफरन्स म्हणजे खऱ्या माणसाचा व्हिडिओ. तो बघून अ‍ॅनिमेटर पात्राच्या हालचाली करतो. माझा कडक नियम आहे तो. मग पल्लवीला म्हणालो, दाखव मॅडमना.

ती घुटमळली. "सर, राहू द्या. मी थांबते, पुन्हा करते."

"अगं, दाखव."

तिने लावला. सोमवारच्या ऑनलाइन मीटिंगचं रेकॉर्डिंग होतं. स्क्रीनवर मी. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, तळहात संथपणे वर. "सुटीचं बघू. आधी एक छोटंसं करेक्शन." शेजारच्या खिडकीत माझा हुकूमशहा. तोच हात, तीच मान.

मॅडमनी दोनदा पाहिलं. "सॉरी. होता है," त्या म्हणाल्या. "अप्रूव्ह्ड."

त्या गेल्यावर मी पल्लवीला विचारलं, हे आधी सांगायचं नाही का?

"सर, तुम्हीच तीनदा पास केलंत. म्हणालात, याला बघून चीड येते."

मला स्वतःची खरंच लाज वाटली. सुटीचा मेल तिथेच पाठवला. शेवटच्या फ्रेममध्ये हाताची सावली जरा चुकली होती, ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला गाडी मिळाली.

सत्तेवर टीका करायची तर आपण फार लांबचं बघतो. माझ्या टीमला सत्ता ऑफिसातच सापडली होती, तीही एचडीमध्ये.