देव्हाऱ्यामागे राहिलेला अर्ज

मी शाळेत लिपिक आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज तालुक्याला देण्याआधी घरी न्यायचे, एकवीरा आईच्या तसबिरीपुढे ठेवून हळदकुंकू वाहायचे, हा माझा जुना नेम. त्याचा मला थोडा अभिमानही होता. त्या वर्षी मुदत संपल्यावर देव्हारा पुसताना तसबिरीमागे एक अर्ज सापडला. नववीतल्या कोमलचा.

तिची आई आंबीला एका कंपनीत झाडलोट करते. अर्ज देताना ती म्हणाली होती, "भाऊ, हे पैसं आलं तर पोरगी दहावीला जाईल. न्हाईतर भुशी धरणावर मामाच्या गाडीवर कणसं भाजंल." ती चौकशीला आली तेव्हा मी खाली मान घालून सांगितले, "वरूनच नाव आलं नाही." पुढच्या आठवड्यात कोमलची जागा रिकामी दिसू लागली. मला जेवण गोड लागेना.

रविवारी अर्ज खिशात घालून मी एकवीरेच्या देवळाकडे, कार्ल्याचा डोंगर चढू लागलो. आईनेच मार्ग काढावा, एवढेच मागायचे होते. अर्ध्या पायऱ्यांवर दम लागला. हार विकणाऱ्या एका म्हातारीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "देवाला चाललाय का कोर्टात? त्वांड बघा!" का कोण जाणे, मी तिला सारे सांगून टाकले. झेंडू ओवता ओवता, वर न बघताच ती म्हणाली, "मग आईला कशाला सांगतूस? तिला ठावं हाय. जिला ठावं न्हाई तिला सांग की."

दर्शन न घेता मी आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर उतरलो.

कोमलच्या आईने सगळे ऐकून घेतले. "देवाम्होरंच ठेवला व्हता न्हवं, त्याचं काय न्हाई. पर खोटं का बोललात, भाऊ?" मी खिशातला अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला. तो हातात घेत ती म्हणाली, "उद्या खाडा करते. चला दोघं तालुक्याला."

तालुक्याच्या कार्यालयात, चूक माझीच आहे, असे मी शाळेच्या कागदावर सहीनिशी लिहून दिले. तिथल्या साहेबांनी अर्जावरच्या पिवळ्या डागाकडे पाहिले. "वरण सांडलं काय?" मग म्हणाले, "शाळेने लेखी चूक कबूल केली असेल तरच उशिराचा अर्ज घेतोय. तेही आज संध्याकाळपर्यंत."

अर्ज जमा झाल्यावर मी तिथल्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडलो. एक दिवस उशीर झाला असता तर, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

कोमल आता दहावीत आहे. पहिला हप्ता तिच्या खात्यात जमा झाला, तेव्हा मी पुन्हा डोंगर चढलो. म्हातारी तिथेच होती. हात जोडून मी अर्जाची आठवण करून दिली. ती गोंधळली. "कसला अर्ज, बाबा? हार घ्यायचा का?" मी दोन घेतले.

आईवर भार टाकणे म्हणजे आपले काम तिच्या गळ्यात मारणे नव्हे, एवढे या वयात उमगले. आता अर्ज थेट तालुक्याला जातात. देव्हाऱ्यात फक्त पोचपावती ठेवतो, आणि हळद बेताने वाहतो.