ब्रेमेनच्या बाजारातला हुरडा

परतूरच्या स्टेशनात गाडी हलली, तेव्हा वडील डब्याबरोबर चालत एवढंच म्हणाले, "हुरड्याला ये रे."

"येतो, आबा," मी म्हणालो. जर्मनीला पोचायला नुसती बोट तीन आठवडे घेते, हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

परतूरला मी कापसाचा धागा ताणून प्रत ठरवत असे. इथे ब्रेमेनच्या गोदामातही तेच करतो. खाणं मात्र नव्याने शिकावं लागलं. इथला राय नावाच्या धान्याचा काळा, आंबूस पाव आधी घशाखाली उतरत नव्हता. आता लोणी लावून जाड काप खातो. रविवारी बागेत इथले आजोबा बिअर घेतात, शेजारी नातू सरबत पितो. कोणी कोणापासून चोरून पीत नाही, याचं मला फार दिवस नवल वाटे.

दोन वर्षांनी पत्नी आली. त्या थंडीत आम्ही नाताळच्या बाजारात गेलो. एका शेगडीवर चेस्टनट नावाची टणक फळं भाजत होती. तो धूर नाकात गेला आणि मी एक पुडी घेऊन तिच्यातलं गरम फळ दोन्ही तळव्यांत धरून चोळलं, वर फुंकरही मारली. टरफल काही निघालं नाही, तळवे भाजले. विकणारी बाई पोट धरून हसली.

"आवं, हुरडा न्हाई तो!" पत्नी म्हणाली. "आबांनी पाह्यलं असतं तर म्हणले असते, पोरगं बिलकुल इसरलं न्हाई." आणि तिचेच डोळे भरले.

शेतात आगटीपाशी बसून आबा भाजलेली कणसं अशीच चोळत आणि दाणे माझ्या हातावर ठेवत.

दर पौषात धाकटा भाऊ लिहितो, "हुरडा आला. आबा इचारून राह्यले, कधी येतो?" हुरडा कोवळा राहतो आठ-दहा दिवस. पत्र मिळेपर्यंत त्याची ज्वारी झालेली असते. हा हिशेब मांडून मी दरवर्षी इथेच राहिलो. गेल्या खेपेला त्याने लिहिलं, "आबाचे दात गेले. खात न्हाईत. पण एक मूठ चोळून बाजूला ठेवतात, तुझी म्हणून."

हिशेब बरोबर होता, पण मी तो चुकीच्या टोकाकडून मांडत होतो. बोलावण्याची वाट पाहून घरी पोचता येत नाही.

मी भावाला लिहिलं, "यंदा पेरणी झाल्याचं कळताच आम्ही दोघं निघतो. आबांना सांग, माझी मूठ आता बाजूला ठेवू नका. हातावर द्या."