मिनती मान हलवत नसे

तेरा फेब्रुवारी. चक्कीचा दगड गुळगुळीत झाला होता, तो टाकीनं खडबडीत करायचा होता. पीठ जाड पडू लागलं होतं, दोन बायकांनी डबा उघडून बघत तोंडं वाकडी केली होती. म्हणून सकाळी 'आज चक्की बंद' अशी पाटी लावली, वरचा दगड उलथा करून घेतला आणि टाकी-हातोडी घेऊन बसले. हे काम मी स्वतःच करते. तेवढ्यात फोन वाजला. रिसोडची नणंद, म्हणजे माझ्या चुलत दिराची बहीण. "वहिनी, उद्या लवकर या बरं. चित्राचं साक्षगंध हाये. घरचेच लोक. तुमी मोठ्या, ओटी तुमालेच भरा लागते." मी विचारलं, "कोणासंगं?" तर म्हणाली, "आमच्या पोरासंगं, अजून कोणासंगं? मामाचीच पोरगी हाये. वर्षाच्या आत उरकून टाका लागते. अन् मंगलानंच शब्द देला ना वो दवाखान्यात. म्या इचारलं, तिनं मान हलवली." मी हातोडी खाली ठेवली.

मंगला हे तिचं सासरचं नाव. तिचं खरं नाव मिनती. माझी चुलत जाऊ, आणि एकवीस वर्षांची मैत्रीण. संक्रांतीच्या चार दिवस आधी अकोल्याच्या दवाखान्यात काविळीनं गेली. चित्रा तिची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, अकोल्यालाच नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. आई गेल्यापासून कॉलेज बुडवून घरी बसलेली. आणि मिनतीनं मान हलवली असं जो कोणी म्हणतो तो खोटं बोलतो. गेलेल्या माणसावर लिहिताना चांगलं लिहावं म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. जिवंत माणसांबद्दल तसं काही वचन मी दिलेलं नाही. चित्रा सोडली तर नावं घालत नाही, पण आमच्या शेलूबाजार गावात आणि रिसोडला ज्यांना कळायचं त्यांना कळेल. कळावं म्हणूनच लिहिते.

मिनती ओडिशाची. आमच्या या चुलत दिराला इकडे मुलगी मिळाली नाही, तेव्हा एक मध्यस्थ त्यांना तिकडे घेऊन गेला आणि आठ दिवसांत ते बायको घेऊन परत आले. अशा सुना आमच्या भागात आता पुष्कळ आहेत. त्यांना घरात ठेवण्याची एक रीतही पडून गेली आहे. कोणी उघड बोलत नाही, पण पाळतात सगळे. पहिली दोन-तीन वर्षं तिला आपली भाषा येऊ द्यायची नाही. भाषा आली की बाई शेजारी बोलते, शेजारी बोलली की हिशेब मागते, नाहीतर रस्ता विचारून निघून जाते. म्हणून तिच्याशी हातानं बोलायचं. भांडी दाखवली की घासायची, विळा दाखवला की शेतात जायचं. आत्याबाई, म्हणजे मिनतीची सासू, यात फार कडक. पोरांनासुद्धा दटावून ठेवलेलं, "काकूसंगं बोलायचं नाई, तिले समजत नाई." मिनती सगळ्याला मान हलवायची. दुसरं करणार काय? मान हलवली की समोरचा माणूस निघून जातो, एवढं तिला कळलं होतं.

लग्नाचं पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा तिच्या भावाचा फोन आला, नवऱ्याच्या मोबाइलवर, मोडक्या हिंदीत. तिचे वडील गेले होते. घरात विचार झाला की पेरणीच्या तोंडावर एवढ्या लांब कोण घेऊन जाणार. आत्याबाईंनी तिला बोलावलं आणि आमच्या भाषेत विचारलं, "तुह्या बापाचं असं झालं. तुले जायचं नाई ना?" तिनं मान हलवली. नेहमीसारखी. मग आत्याबाई गल्लीभर सांगत फिरल्या, "आमी इचारलं. तिलेच जायचं नाई. काळीज दगडाचं हाये पोरीचं." दीड महिन्यानं भावाचा पुन्हा फोन आला आणि तो नेमका तिच्या हातात पडला, तेव्हा तिला वडील गेल्याचं समजलं, आणि तिनंच यायला नकार दिला असं इकडून कळवल्याचंही. मी तेव्हा त्यांच्या ओसरीवर होते. ती रडली नाही. फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि आत्याबाईंकडे वळून बघितलं. त्या दिवसापासून तिनं मान हलवणं बंद केलं. होकारालाही नाही आणि नकारालाही नाही.

पुढच्याच आठवड्यात आत्याबाईंनी तिला दळण घेऊन माझ्या चक्कीवर पाठवायला सुरुवात केली. त्यांचा हिशेब असा की चक्कीवर एवढा आवाज असतो, तिथे कोण बोलणार आणि ही काय शिकणार! आत्याबाईंचं सगळं आयुष्य शेतात गेलं, चक्कीवर त्या कधी थांबल्या नाहीत. नाहीतर त्यांना कळलं असतं की भाषा शिकायला चक्कीसारखी जागा नाही. पट्टा फिरत असताना कोणी लांबलचक बोलत नाही. काय हाये? गहू. ज्वारी. जाड? बारीक. थांब. आता दे. घेऊन जाय. उद्या ये. एकेक शब्द, तोही ओरडून, तोही दिवसातून पन्नास वेळा तोच. वर समोर वस्तू हजर. मी तिला शिकवलं असं म्हणवत नाही. मी तिला फक्त फळीवर बसायला जागा दिली आणि पहिला शब्द 'नाई' दिला. तो मी मुद्दाम दिला. दुसऱ्या कोणाचा डबा पुढे करून मी विचारायचे, "हा तुहा?" ती मान स्थिर ठेवून म्हणायची, "नाई." "मोठ्यानं!" "नाई!" रांगेतल्या बायका हसायच्या. तिसऱ्या दिवशी ती पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढून असं 'नाई' म्हणाली की बाहेर बांधलेली शेळी उठून उभी राहिली.

तिच्याकडे शब्द कधीच फार नव्हते. शेवटपर्यंत तीन-चारशे असतील. पण त्यातून ती काय काय उभं करायची! जो शब्द येत नाही त्याच्या भोवतीनं जायची. तलाठी म्हणजे 'जमिनीचा मास्तर'. कुलूप म्हणजे 'दाराची चूप'. माहेर म्हणजे 'पयलं घर'. आत्याबाईंना ती 'घरातली पोलीस' म्हणायची आणि हा शब्द गल्लीत इतका चालला की आत्याबाईंच्या कानावर जायला वर्ष लागलं नाही. गप्पा मारायला तर तिला तीनच शब्द पुरायचे. हो का? काहून? मग? समोरचीनं काही सांगितलं की ती पुढे सरकून विचारायची, "मग?" बाई आणखी सांगायची. "मग?" बाई पोटातलं सांगायची. मंगरूळपीरच्या बाजारात कोणाच्या सुनेनं काय घेतलं, कोणाच्या पोराला कुठून स्थळ आलं, हे मला तिसऱ्या वर्षापासून मिनतीकडून कळू लागलं. माझं तोंड बारा वर्षांपासून याच गावात चालत होतं आणि ही चारशे शब्दांवर माझ्या पुढे गेली.

रिसोडची नणंद दिवाळीला यायची तेव्हा मिनतीच्या बोलण्याची नक्कल करून दाखवायची. पोरं हसायची, आत्याबाई पदरात हसू लपवायच्या. एकदा माझ्यादेखत नणंद म्हणाली, "आमच्या दादानं पोपट आणला वो, पोपट. चार शब्द बोलते." मिनती चकल्या तळत होती. झारा तसाच हातात धरून वळली आणि म्हणाली, "पोपट ऐकते ते बोलते, ताई. या घरात काय ऐकलं, बोलू?" नणंदेचं तोंड जे मिटलं ते रात्रीच्या जेवणाला उघडलं. तेव्हापासून तिचा मिनतीवर दात होता. आणि तेव्हापासून माझा नणंदेवर आहे.

चित्राला नर्सिंगला घालायचं मिनतीनं ठरवलं तेव्हा घरात महिनाभर धुसफूस चालली. नवरा म्हणाला, बारावी झाली, पुरे झालं. आत्याबाई म्हणाल्या, तुले काय समजते त्यातलं. मिनती चौकात उभी राहून म्हणाली, "माह्या लग्नात सगळे बोलले. मले एक शब्द नाई समजला. चित्रा समजून बोलीन. मंग लग्न." एवढंच. मग तिनं स्वतः एसटीनं अकोल्याला जाऊन फॉर्म आणला. खिडकीवरच्या माणसाला काय म्हणाली ते तिनंच मला सांगितलं होतं. "पोरगी हुशार. मी आई. कागद दे."

दवाखान्यात मी तिला शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी भेटले. नाकातोंडावर मास्क होता. सिस्टर चांगली होती, सारखी सांगत होती, "बोलू नका मावशी, दम लागेल. नुसती मान हलवा." पाणी हवंय का विचारलं की मिनती मास्क वर उचलायची, "पाह्यजे" म्हणायची आणि मास्क परत लावायची. उशी वर करू का? मास्क वर, "नाई", मास्क खाली. सिस्टर वैतागून माझ्याकडे बघून म्हणाली, "अशी पेशंट नाही पाहिली बाई मी!" मी म्हटलं, आम्हीही नाही. तिचा नवरा पायथ्याशी उभा होता. त्यानं हे सगळं पाहिलं. दुसऱ्या दुपारी चित्रा औषध आणायला खाली गेली, नवरा चहाला गेला आणि खोलीत एकटी रिसोडची नणंद होती. तेवढ्या अर्ध्या तासात म्हणे एकवीस वर्षं न हललेली मान हलली.

फोन ठेवला आणि दगडावर टाकीचे दोन-चार घाव घातले असतील, तर दारात चित्रा. पाटी बघूनही आत आली. दगडावरची धूळ बोटानं पुसत म्हणाली, "काकू, खरं सांगजा. आईनं मान हलवली असंन का? तिनं शब्द देला असंन तर मी तो मोडत नाई. मंग कॉलेज सोडतो मी." मी विचारलं, "तुह्या आईनं तुले कधी मान हलवून उत्तर देलं का?" ती म्हणाली, "नाई. लहानपणी मीच हलवली तर मारे. तोंडानं बोल म्हणे." "मंग?" मी विचारलं. ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं आणि काम पुरं केलं. मग म्हटलं, "हे मी तुले एकटीले सांगून उपयोग नाई. ते म्हणतीन काकूनं पोरीचे कान भरले. उद्या सगळ्यांइच्या समोर होऊ दे. तू फक्त पाटावर बसून राह्य." हे गुपचूप मिटवता आलं असतं. दिराला बाजूला घेऊन बोलले असते तर कदाचित तो ऐकलाही असता. पण मिनतीच्या बापाच्या वेळचं खोटं गल्लीभर फिरलं होतं. हे खोटं गल्लीसमोरच मेलं पाहिजे, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी मिनतीच्या घरी गेले. पंचवीस-तीस माणसं होती, माझ्या सांगण्यावरून गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकाही आल्या होत्या. चित्रा पाटावर बसलेली. ओटीचं ताट माझ्या हातात दिलं. ते मी खाली ठेवलं आणि आत्याबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं विचारावं लागलं. तेही बरंच झालं. "आत्याबाई, मिनती तुमचं काही ऐकून मान तरी हलवे का वो?" म्हातारी लगेच पेटली. वीस वर्षांचं गाऱ्हाणं तोंडपाठ होतं. "कायची मान वो! एक डाव नाई हलवली कधी. खांबावानी उभी राहे अन् तोंडानं फाडफाड बोले. मरून राह्यली होती तरी त्या सिस्टरचं आयकलं नाई, पोरगा सांगे ना माहा!" मी नणंदेकडे वळून म्हटलं, "तुमची आई काय म्हणून राह्यली, ऐकलं ना? आता सांगा, दवाखान्यात कोणत्या बाजूनं हलवली? वर-खाली का आडवी? करून दाखवा सगळ्यांइले." नणंद दिराकडे बघायला लागली. दीर चपलांकडे. मागून कुंभाराची म्हातारी म्हणाली, "दाखव ना वो बाई, आमीबी पाहतो." कोणीतरी फिसकन हसलं. नणंदेच्या पोरानं, त्या बिचाऱ्याला कोणी काही विचारलंच नव्हतं, नवरदेव म्हणून गळ्यात घातलेला रुमाल काढून खिशात घातला. चित्रा पाटावरून उठली आणि म्हणाली, "बाबा, मी दुपारच्या गाडीनं अकोल्याले जातो." दिरानं ओटीचं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "जाय."

रिसोडची मंडळी जेवायला थांबली नाहीत. स्वयंपाक मात्र नणंदेनं आदल्या रात्रीच माहेरी येऊन, पहाटेपासून उठून स्वतः केला होता आणि तो वाया घालवणं मला पटलं नाही. मी गल्लीतल्या बायकांना बसवलं, पानं मांडली आणि मिनतीच्या त्याच अंगणात पहिल्या पंगतीला स्वतः बसले. शिरा चांगला झाला होता. मी दोनदा मागून घेतला.