खरा माल कुजतो

ब्रिस्बेनपासून काही तासांवरच्या हॅलोरन खोऱ्यात नोरीन पॅस्कोला सगळे मझारची राणी म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या रोल्फ लिंडेमानने केली होती, आणि तिने त्याला अर्ध्या चहावरून उठवून घरी पाठवलं होतं.

नाव पडलं ते तिच्या नवऱ्यामुळे. क्लाइव्ह तरुणपणी एका खटारा बसमधून अफगाणिस्तानात गेला होता आणि परतताना तिथल्या मझार शहराजवळच्या कुणा शेतकऱ्याकडून गांजाचं मूठभर गावरान बी कोटाच्या अस्तरात शिवून घेऊन आला होता. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. पुढे चाळीस वर्षं पॅस्कोंच्या टेकाडावर त्याच बियाची झाडं होत आली, आणि ती वाढवली नोरीनने. क्लाइव्हने बी आणलं आणि गोष्टी सांगितल्या. पाणी, शेणखत, जळवा, पाठदुखी हे तिच्याकडे.

अफगाणी झाड हे कोरड्या डोंगराचं. बुटकं, पसरट, बदकाच्या पंजासारखी रुंद पानं, आणि तुरे इतके गच्च की मधे काडी शिरणार नाही. आमच्याकडे समुद्र बारा किलोमीटरवर. फेब्रुवारी-मार्चात, नेमके तुरे भरायच्या दिवसांत, ढग डोंगराला टेकून बसतात ते उठत नाहीत. कपाटातल्या बुटांवर बुरशी चढते, पुस्तकांवर चढते. तसल्या गच्च तुऱ्यात ओल गेली की तो बाहेरून हिरवागार दिसतो आणि आतून त्याची राख झालेली असते. म्हणून खोऱ्यातल्या शहाण्या माणसांनी अफगाणी जात कधीच सोडली होती, किंवा थायलंडच्या सडपातळ, विरळ तुऱ्यांच्या झाडांशी तिचा संकर केला होता. सगळंच बेकायदा. मार्चमध्ये जसा पाऊस यायचा तसं पोलिसांचं हेलिकॉप्टरही यायचं, आणि दोघांचं धरूनच लोक चार झाडं जास्त लावायचे.

पॅस्कोंनी संकर केला नाही. क्लाइव्हचं एक वाक्य होतं, शेकोटीपाशी प्रत्येकाने शंभरदा ऐकलेलं: खरा माल कुजतो. आपल्या पावसात जे ताठ उभं राहतं ते मझारचं नव्हेच, ते रानगवत. बाकीचे हसायचे. नोरीनने मात्र ते वाक्य मनात कोरून ठेवलं होतं. दर वर्षी तिचा अर्धा माल कुजायचा, आणि कुजलेला तुरा अंगठ्यांनी फोडून आतली राखाडी बुरशी ती पाहुण्यांना दाखवायची. शेतकी प्रदर्शनात बक्षीस मिळालेला भोपळा दाखवावा तशी.

आणखी एका गोष्टीवरून खोरं तिच्यावर चिडून होतं. इथेही सव्वीस जानेवारीची सुट्टी असते, त्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी आपापली नर झाडं उपटायची, असा रिवाज होता. एका नराचा पराग वाऱ्यावर गेला तर साऱ्यांच्या माद्या बियांनी भरतात आणि माल वाया जातो. नोरीन बियासाठी एक नर राखायची. त्याला जुनी मच्छरदाणी गुंडाळायची, पण मच्छरदाणीने पराग थोडाच अडतो. लोक बोलायला आले की ती म्हणायची, तुमच्या रानगवताला माझ्या नराचं रक्त लागलं तर उपकार समजा.

मग दोन वर्षं लागोपाठ इतकी ओली गेली की बी पिकलंच नाही. बियाच्या बाटलीत जुनं उरलं होतं त्यातलं तिने ऑक्टोबरात चाळीस दाणे पेरले. तीन उगवले. दोन माद्या, एक नर. बाटलीत मग धूळ राहिली होती. आणि त्याच महिन्यात क्लाइव्हचं कंबरेचं दुखणं म्हणजे हाडातला कर्करोग आहे, असं कळलं.

माझी आई तेव्हा घरोघर जाणारी नर्स होती. पॅस्कोंकडे मंगळवारी आणि शुक्रवारी. इस्पितळाच्या पातळ औषधाने क्लाइव्हला उलट्या व्हायच्या, पोट आठ-आठ दिवस साफ व्हायचं नाही, आणि तो भिंतीशी बोलायचा. गांजा शिजवून केलेलं लोणी चमचाभर दिलं तर चार तास झोपायचा आणि उठून भोपळ्याचं सूप मागायचा. आई सरकारी नोकर. ती वहीत लिहायची, भूक सुधारली. जानेवारीत घरातलं लोणी संपलं. दुसऱ्यांचंही संपत आलेलं असतं त्या दिवसांत, पण नोरीनने कुणाला विचारलंही नाही. आमच्या घरात रानगवत शिजत नाही, म्हणाली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिने रंगाच्या कुंचल्याने दोन्ही माद्यांना पराग लावला. मार्चच्या मध्यापर्यंत तुरे भरले. लोण्यासाठी कापायला हीच वेळ. पण बी अजून पांढरं होतं. नखाने दाबलं की दूध निघायचं. तपकिरी व्हायला अजून बारा दिवस लागणार होते. अशात रेडिओने सांगितलं, समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे, आठवडाभर पाऊस.

त्या शुक्रवारी आई क्लाइव्हची चादर बदलत होती. त्याला कुशीवर वळवलं की तो दातओठ खायचा, पण ओरडायचा नाही. तो नोरीनला म्हणाला, एक तरी झाड काप. नोरीनने सांगितलं की दोन्ही लागतील, कारण एक नक्की कुजणार. मग एक फांदी दे, म्हणाला. फांदी तोडली की जखमेतून ओल आत शिरते, म्हणाली. हे ती पिशव्यांच्या घड्या घालता घालता बोलत होती, त्याच्याकडे न बघता.

त्याने तिच्याकडे मान वळवली. मग म्हणाला, "नोरीन, काप ते. ते मझारचं नाही."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"ब्याऐंशी साली तू ब्रिस्बेनला होतीस, तुझ्या आईपाशी," क्लाइव्ह म्हणाला. "बाटलीतलं सगळं बी बुरशीने खाल्लं. मी रोल्फच्या डब्यातलं आणून भरलं. त्याची पानंही रुंदच होती."

"आणि बत्तीस वर्षं तोंड शिवून बसलास?"

"तू आल्या आल्या बाटली उन्हात धरून बघितलीस. इतकी खूश होतीस. उद्या सांगू म्हटलं."

नोरीन हसली. आई सांगते, तसं हसताना तिने त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. दुखायला लागलं की माणूस काय काय रचतो, ती आईला म्हणाली, जणू क्लाइव्ह खोलीत नव्हताच. मग त्याच्याकडे वळली.

"कळेलच की आता. पाऊस येतोय ना? कुजलं तर मझारचं. ताठ राहिलं तर तुझं खरं, मग मी जाऊन रोल्फचे बूट पुसेन."

आई म्हणाली, "नोरीन, माणूस तळमळतोय गं."

"तू तुझ्या चादरी बघ."

दर वर्षी पावसाआधी ती झाडांवर बांबूच्या चौकटीवर प्लास्टिक ताणायची. त्या वर्षीही ताणलेलं होतं. गाडीकडे जाताना आईने पाहिलं, की नोरीन स्टुलावर चढून ते प्लास्टिक सोडवते आहे. आईला वाटलं वाऱ्याने सुटलं असेल, ती पुन्हा बांधत असेल. पण नोरीनने त्याची घडी घातली, वर दगड ठेवला आणि म्हणाली, चोख होऊ दे काय ते. आईने बियाचं विचारलं. नाव खोटं असेल तर बी घेऊन काय करू, असं तिचं उत्तर.

संध्याकाळी पाऊस सुरू झाला. रविवारी ओढ्यावरचा फरशीपूल पाण्याखाली गेला आणि खोऱ्याचा वरचा भाग तुटला. आईने इस्पितळाचं औषध पाच दिवसांचं ठेवलं होतं.

पुढचं आईने पाहिलेलं नाही. ते नोरीननेच तिला सांगितलं, न विचारता, काही न गाळता. रोज सकाळी ती रेनकोट घालून टेकाडावर जायची आणि दोन्ही झाडांचा एकेक तुरा फोडून बघायची. पहिला दिवस हिरवा. दुसरा, तिसरा हिरवा. चौथ्या दिवशी, घरातली वाळवीसुद्धा पंख फुटून दिव्याभोवती फिरत असताना, झाडं धुऊन काढल्यासारखी टवटवीत होती. ती घरात आली आणि खुर्चीत बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावरून क्लाइव्हला कळलं. त्याला वाटलं, आता ती कापेल. तो म्हणाला, बघ, मी सांगत होतो. त्याने हातही पुढे केला. ती उठली आणि त्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं. त्या दिवशी औषधाची वेळ चुकली, हेही तिने आईला सांगितलं. म्हणाली, मुद्दाम नाही. कुणी आपल्याला बत्तीस वर्षं मूर्ख बनवलं असेल तर घड्याळाकडे लक्ष राहत नाही.

सहाव्या दिवशी तुऱ्यात राख निघाली. मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. दोन्ही झाडं शेंड्यापासून खालपर्यंत गेली होती. नोरीनचा उजवा गुडघा पाच वर्षांपासून वाकत नव्हता. त्या गुडघ्याने ती चिखलातून पळत आली, बूट न काढता त्याच्या खोलीत गेली आणि फोडलेला तुरा त्याच्या नाकाशी धरला.

"हुंग. मझार."

औषध आदल्या रात्री संपलं होतं. क्लाइव्हने त्या राखेकडे पाहिलं. "हो," म्हणाला. "मी खोटं बोललो. माफ कर." तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, तुला ओळखते मी, दुखण्याने बोललास. मग तिने त्याच्यासाठी सूप केलं. त्याला ते गिळवलं नाही.

तुऱ्यांतलं बी एकही पिकलं नव्हतं. सगळं दुधाळ. ती ते सांगताना थांबलीदेखील नाही.

नवव्या दिवशी पाणी ओसरलं आणि आई पोचली. क्लाइव्हच्या माकडहाडावर मुठीएवढा व्रण झाला होता. तीन दिवस औषधाशिवाय काढल्यावर माणूस ज्या रंगाचा होतो त्या रंगाचा तो झाला होता. आई आत पट्ट्या बांधत होती आणि नोरीन स्वयंपाकघरातून तिला हे सगळं ऐकवत होती. खोलीची आणि स्वयंपाकघराची भिंत एका फळीची. चहा ओतून झाला तसा दाराशी रोल्फ आला. पायाला दोन जळवा, बगलेत बरणी.

रोल्फ मनाने चांगला. काय बोलू नये एवढं त्याला कधी कळलं नाही. त्याने बरणी टेबलावर ठेवली. डोंगरापलीकडे बहीण राहते, तिकडे कोरडं असतं, तिने क्लाइव्हसाठी लोणी दिलंय, म्हणाला. मग म्हणाला, यंदा भयंकरच झालं, माझी थाई संकराची झाडंसुद्धा कुजली, तीस वर्षांत पहिल्यांदा. वरच्या अंगाचं एकही झाड वाचलं नाही.

नोरीन म्हणाली, "तुझं पावसाने कुजलं. आमचं मझारचं होतं म्हणून."

"मझारचं कुठलं, नोरीन? तुझं आणि माझं मूळ बी एकाच डब्यातलं," रोल्फ मान खाली घालून जळवेवर मीठ टाकत होता. "ब्याऐंशीत क्लाइव्ह घेऊन गेला नाही का? बदल्यात गिटार दिली मला. तुला माहीत असेल वाटलं."

ब्रिस्बेनहून आल्यावर नोरीनने गिटार कुठे गेली विचारलं होतं. पुरात गेली, असं क्लाइव्हने सांगितलं होतं. त्या वर्षी पूर आला नव्हता, ती म्हणाली. एवढंच, आणि तेही रोल्फला नव्हे. टेबल पुसता पुसता, टेबलाला. मग तिने रोल्फला जायला सांगितलं. जाताना बजावलं, यातलं क्लाइव्हपाशी काही बोलायचं नाही.

"त्याला माहीतच आहे की," रोल्फ गोंधळून म्हणाला.

"असू दे."

ती बरणी आणि चमचा घेऊन खोलीत आली. आई पट्टीचं शेवटचं टोक चिकटवत होती. झाकण उघडल्याबरोबर वास पसरला आणि क्लाइव्हचं तोंड आपोआप उघडलं, पिलाच्या चोचीसारखं. नोरीनने चमचा भरला आणि त्याच्या ओठांपासून वीतभर अंतरावर धरला.

"हे कशाचं?"

त्याने सगळं ऐकलेलं होतं. त्याने एकदा आईकडे पाहिलं. आई म्हणते, मी तेव्हा काही बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, बोलले तर ती चमचा मागे घेईल.

"मझारचं," क्लाइव्ह म्हणाला.

"नीट ऐकू आलं नाही."

"मझारचं."

मग तिने चमचा आत सरकवला, हनुवटीवर ओघळलेलं बोटाने निपटलं आणि तेही त्याच्या जिभेवर ठेवलं.

क्लाइव्ह त्यानंतर सोळा दिवस जगला. बरणी पुरली. दिवसाला तीन चमचे, एकही चुकला नाही, आणि झोपही लागायची त्याला. शेवटी शेवटी तर नुसता चमचा दिसला तरी तो नाव घ्यायचा. नोरीन हात आवरून धरायची आणि म्हणायची, "थांब. आधी विचारू तर दे."